कागद घोड्यावर गेला, गाई पायी आल्या

मी परदेशी व्यापाराच्या खात्यात नोकरीला होतो असं म्हटलं, की समोरचा माणूस आधी माझ्या धोतराकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि मग चहा मागवतो. म्हाताऱ्याला बोलतं करायला चहा पुरतो हे खरं, पण मी थापा मारत नाही. माझा परदेश आमच्या जकातनाक्यापासून हाकेच्या अंतरावर होता. मध्ये पैनगंगा, आणि उन्हाळ्यात ती जेमतेम गुडघाभर. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातलं वऱ्हाड. धोतर वर खोचलं की माणूस परदेशात. आमचा पहारेकरी दगडू दुपारी परदेशात जाऊन बिडी ओढून यायचा, कारण नाक्याचं छप्पर गवताचं होतं आणि साहेबांना आगीची भीती वाटायची.

त्यातली खरी मौज पुढेच आहे. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच होतं, फक्त चालवायला इंग्रजांकडे दिलेलं. म्हणजे आपलाच मुलूख परका मानून आम्ही जकात घेत बसलो होतो! हे कोडं मी नोकरी लागल्या लागल्या अमीनसाहेबांना विचारलं. अमीन म्हणजे नाक्याचे मुख्य. नाव गफूरसाहेब, पांढरी दाढी, तोंडात पान, आणि डोळ्यांत कायम कुणाची तरी खोडी काढायचा बेत.

"मुंशीजी," ते म्हणाले, "ससुराल भी अपनाच घर होता ना? फिर भी वहाँ से कुछ लाए तो अम्मा पूछतीच, क्या लाया रे?"

सरहद्दीवरच्या या जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. नाव ऐकून करोडोंची उलाढाल वाटते. आमचा बेलघाटचा नाका म्हणजे कळमनुरीकडच्या अंगाला, नदीच्या उतारावर एक झोपडं, गाडीवाटेवर आडवा टाकलेला एक बांबू, माल तोलायचा काटा आणि एक शिक्का. मी डोंगरकड्याचा, उर्दू चौथीपर्यंत रेटून शिकलेला पोरगा. तेवढ्यावर कारकुनाची जागा मिळाली आणि गावात आईनं पेढे वाटले.

कामाची गोष्ट सांगतो, अगदी सोपी आहे. आत येणारा माल म्हणजे दरामद. बाहेर जाणारा माल म्हणजे बरामद. दोन्हींचे दोन तक्ते. प्रत्येक तक्त्यात मालाच्या बाबी छापलेल्या: धान्य, तेलबिया, कापूस, कापड, किराणा, धातू, जनावरं. सगळ्यात खाली शेवटची बाब, मुतफर्रिक. ज्याला वर कुठंच जागा मिळत नाही ते सगळं तिच्यात कोंबायचं. गफूरसाहेबांचा जीव होता या बाबीवर. "जिसका कोई नहीं, उसका मुतफर्रिक है," असं म्हणत ते पानाची पिंक टाकायचे.

महिनाअखेरीला दोन्ही तक्ते शेजारी शेजारी मांडले, की मुलूख उघड्यावर आंघोळीला बसल्यासारखा दिसायचा. काय पिकवतो, काय खातो, काय त्याला जमत नाही, सगळं दिसायचं. आम्हाला समुद्र नव्हता, म्हणून मीठ सगळं आत यायचं. घासलेट आत यायचं, काडीपेटी आत यायची, लोखंड आत यायचं. बाहेर जायची करडई, जवस, ज्वारी आणि वसमतकडची हळद. हळदीच्या गाड्या सुरू झाल्या की आमचा काटा पिवळा, दगडूचं मुंडासं पिवळं, गफूरसाहेबांची दाढीसुद्धा पिवळी. हळदीच्या बाबतीत आमचा हात कुणी धरत नव्हता. पण कापसापाशी आलं की माझं तोंड उतरायचं. बोरेच्या बोरे कापूस बाहेर जायचा, आणि दुसऱ्या तक्त्यात कापडाची बाब फुगलेली असायची. आपलाच कापूस गावोगाव हिंडून, धोतर होऊन, महाग होऊन परत यायचा. हातमागवाली माणसं आमच्या ओळखीची होती, त्यांचे माग एकेक करून बंद पडताना मी कागदावर पाहिले. त्याचं वाईट वाटायचं आणि अजूनही वाटतं.

पण नाक्यावर फार वेळ उदास राहायची सोय नव्हती, कारण गिऱ्हाईकं एकाहून एक. नदीपलीकडे माहेर असलेल्या आमच्याकडच्या सुना सणाला एका लुगड्यात जायच्या, सडपातळ. परत यायच्या त्या गोलगरगरीत. एकावर एक चार लुगडी नेसून, कपाळावर घाम, आणि चालताना दोन्ही हात अंगापासून लांब! दगडू बांबू न उचलता डोकं खाजवायचा.

"साहेब, ही बाई जाताना काडी व्हती. आता काहून भोपळा झाली?"

"माहेरचं अन्न लागलं," बाई म्हणायची.

गफूरसाहेब निकाल द्यायचे, "बदन का कपड़ा माल नहीं होता. जाने दो." पुढे पुढे तर बायका लांबूनच ओरडायच्या, "गफूरचाचा, जाडी झाले बरं का!" आणि साहेब तिकडं पाठ फिरवून पान लावत बसायचे.

एकदा नरसीकडचा एक म्हातारा काशीहून परतला. खांद्यावर कावड, कावडीत गंगेच्या पाण्याच्या सीलबंद झाऱ्या. नियमानं ही दरामद. कोणत्या बाबीत लिहू, म्हणून मी साहेबांकडे पाहिलं. साहेब उठले, जोडे काढले आणि म्हणाले, "ये माल नहीं मुंशीजी, मेहमान है. मेहमान को काँटे पर नहीं चढ़ाते." म्हाताऱ्यानं निघताना एका झारीचं सील फोडून थेंबभर पाणी साहेबांच्या हातावर घातलं. साहेबांनी ते डोळ्यांना लावलं. पुढे पोलीस कारवाईच्या धामधुमीत गफूरसाहेब कुठं गेले, मला कळलं नाही. मी बिदरपर्यंत चौकशी केली. आजही कुणी पांढऱ्या दाढीचा गृहस्थ पान चघळत दिसला, की माझी मान वळते.

असो. आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो.

नाक्याच्या खालच्या अंगाला नदीकाठी बंजाऱ्यांचा एक तांडा होता. या लोकांच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथे घातलेले. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. मग थोडी शेती आणि गाईंचं मोठं खांड, एवढ्यावर तांडा जगायचा. खांडाची कर्तीधर्ती धानीबाई. उंच, काटक, हातात कोपरापर्यंत बलोती बांगड्या आणि आवाज असा की नदीपलीकडचा कोल्हासुद्धा हाक ऐकून थांबावा. तांड्यात तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई.

अलीकडच्या काठाला शेतंच शेतं, चाऱ्याला काडी नाही. पलीकडच्या काठाला वऱ्हाडातल्या एका गावाचं कुरण. तिथल्या लोकांशी तांड्याचा पिढीजात करार होता: गवत तुमचं, शेण आमचं. म्हणून गाई रोज सकाळी नदी उतरून पलीकडे जायच्या, दिवसभर चरायच्या आणि सांजेला परत. सकाळी परदेश, संध्याकाळी घर. याची नोंद कुणी करत नव्हतं, कारण करावीशी कुणाला वाटतच नव्हती.

मग आमच्या वर नवे साहेब आले. तरुण, शहरात शिकलेले, आणि माणूस मनानं चांगला. त्यांना आमचे तक्ते म्हणजे देशाची नाडी वाटायची. मला तर ते फार आवडले, कारण माझे तक्ते वाचणारे ते पहिलेच. त्यांनी हुकूम काढला, की जकात लागो न लागो, नदी ओलांडणारी प्रत्येक चीज आपापल्या बाबीत लिहायची आणि प्रत्येक बाबीत दरामद-बरामदीची तुलना करायची.

झालं! दगडू सकाळी बांबूपाशी बसून गाई मोजू लागला. जनावरं, बरामद. सांजेला पुन्हा मोजू लागला. जनावरं, दरामद. आमचा दळभद्री नाका कागदावर एकाएकी राज्यातला मोठा जनावरांचा बाजार होऊन बसला. आम्हाला इतका आनंद झाला, की गफूरसाहेबांनी जिलबी आणवली.

जिलबी खाताना एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. महिन्याचे तक्ते न्यायला डाकेचा स्वार शेवटच्या दिवशी दुपारी यायचा. त्या दिवशी सकाळी गेलेल्या गाई त्यात लिहिलेल्या असायच्या. सांजेला गाई परत यायच्या तोवर तक्ते घोड्यावर बसून निघून गेलेले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवा महिना, नवा तक्ता! ती एक संध्याकाळ कुठल्याच कागदात यायची नाही. थोडक्यात, दर महिन्याला एक पुरं खांड परदेशात जाऊन तिकडेच राहायचं.

महायुद्धाचे दिवस. बैल आणि दुभती जनावरं राज्याबाहेर जाऊ नयेत अशी वर काळजी होती. अशा वेळी आमच्या साहेबांनी वर्षाची तुलना केली आणि त्यांना घाम फुटला. बेलघाटावरून गाई नुसत्या वाहून चालल्यात! त्यांनी वर कळवलं, आणि वरून हुकूम सुटला: बेलघाटावरून एकही जनावर पलीकडे जाता कामा नये.

ऐन उन्हाळ्यात बांबू आडवा झाला. गाई काठावर उभ्या राहून समोरचं गवत बघत हंबरू लागल्या. पहिल्यांदा धानीबाई भांडली. मग तिनं कडबा मागून आणला, मग झाडपाला ओरबाडला. बरगड्या दिसू लागल्या तशी एके दिवशी ती सगळं खांड हाकत नाक्यावर घेऊन आली.

"घ्या," ती म्हणाली. "सरकारच्या गाई झाल्या न्हवं का? मंग सरकारनंच चाराव्या. आमी चाललो."

"अगं पण बाई..." मी म्हणेपर्यंत ती पाठमोरी झाली होती.

गाईंनी आधी नाक्याभोवतीचं कुंपण खाल्लं. मग त्या छपराकडे वळल्या. मी आत बसून तक्ता भरतोय, आणि डोक्यावरून ऊन आत येतंय! वर बघतो तर एक तांबडी गाय सरकारी छप्पर रवंथ करत माझ्याकडे शांतपणे बघून राहिली होती. दगडू काठी घेऊन धावला, तर गफूरसाहेब त्याच्यावरच ओरडले, "नक्को मारो! भूकी है बिचारी. छप्पर फिर डाल लेंगे." दोन दिवसांत नाक्याला नुसत्या भिंती राहिल्या. हसू नका, आम्ही उन्हात टोप्या घालून कामकाज चालवत होतो. पण गाईंना छप्पर किती दिवस पुरणार? एक म्हातारी गाय बसली ती उठेना. तेव्हा मात्र आमचं हसू मावळलं, आणि गफूरसाहेबांनी मला साहेबांना कळवायला लावलं, की स्वतः येऊन पाहावं.

साहेब आले ते महिनाअखेरीलाच, तक्ते डोळ्यांदेखत बंद करून घ्यायला. एवढी जनावरं परदेशी विकणारा कोणी बडा व्यापारी असणार, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी दरडावून विचारलं, "कुठाय तो सौदागर?" दगडूनं तांड्यावरून धानीबाईला आणून पुढं केलं. साहेबांनी तिच्या मागं पाहिलं, कोणी मुनीम, कोणी दलाल दिसतो का म्हणून. मागं एक वासरू होतं, ते साहेबांच्या कोटाचं टोक चघळू लागलं.

"पलीकडे गाई कुणाला विकता?"

"इकता?" धानीबाईचे डोळे मोठे झाले. "साहेब, लेकरं कुणी इकतं व्हय? चरून येत्यात, घरी येत्यात."

"आणि पलीकडच्यांना काय मिळतं?"

"शेण."

साहेब माझ्याकडे वळले. "शेणाची बरामद तक्त्यात का नाही?" मी गफूरसाहेबांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "हुजूर, उसकी बाब नहीं छपी."

साहेबांनी विचार केला आणि म्हणाले, "सोडा गाई. मी इथंच बसतो. काय होतं ते बघू."

बांबू उचलला, साहेब आणि दगडू मोजू लागले. गाई अशा धावल्या, की नदीचं पाणी आमच्या तोंडावर उडालं. साहेब काठावरच्या जांभळाखाली बसले, आम्ही बाजूला. पलीकडं ना व्यापारी, ना दलाल. गाई चरत होत्या, बगळे त्यांच्या पाठीवर बसत होते. दुपारी डाकेचा स्वार आला आणि नेहमीसारखा तक्ता मागू लागला. साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. मग पलीकडच्या गाईंकडे बघितलं, मग पुन्हा घोड्याकडे.

"हा दर महिनाअखेरीला याच वेळी येतो?"

"व्हय जी, याच टायमाला," दगडू म्हणाला.

"आणि गाई?"

"सांजच्याला."

साहेबांनी कपाळाला हात लावला. सगळं त्यांचं त्यांनाच उमगलं. गफूरसाहेब फक्त एवढंच बोलले, "हुजूर, क्या करें? काग़ज़ घोड़े पे गया, गायें पैदल आईं."

साहेब हसायला लागले आणि ते हसणं आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, की सगळं खरं, पण हुकूम वरचा आहे, जनावरांच्या बरामदीला बंदी आहे, तो मी कसा मोडू? तेव्हा गफूरसाहेबांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा निकाल दिला. "माल वो, जो बिके. जो शाम को अपने घर लौटे, वो मुसाफ़िर. मुसाफ़िर पर बंदी कहाँ है, हुजूर?"

साहेबांना ते पटलं. मात्र शिक्षण आडवं आलं. ते म्हणाले, "मान्य. स्वार थांबेल, मुसाफिर म्हणून लिहू. पण आज माझ्या डोळ्यांसमोर एकूण एक परत आली पाहिजे. एक जरी राहिली तरी ती बरामद, आणि मग बंदी कायम."

उन्हं कलली, तसा दगडूनं बांबू पुन्हा आडवा केला. धानीबाई काठावर उभी राहिली आणि तिनं हाक घातली. प्रत्येक गाईला नाव, प्रत्येक नावाला वेगळा सूर. गाई एकेक करून पाण्यात उतरल्या. दगडू मोजत होता आणि साहेब स्वतः मोजत होते. शेवटची गाय वर आली, तसे दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक कमी होती.

"चांदी न्हाई आली," धानीबाई म्हणाली. "दिवस भरले व्हते तिचे."

काठावर सगळा तांडा जमला होता. बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळे. एका गाईपायी उद्यापासून बांबू कायमचा आडवा होणार, हे लहान पोरांनासुद्धा कळत होतं. धानीबाईनं घागरा खोचला आणि ती नदीत उतरली. पलीकडच्या झाडीत दिसेनाशी झाली. तिची हाक तेवढी येत राहिली, लांबून, आणखी लांबून, आणि मग तीही बंद झाली. मी मनात सगळ्या देवांना हाका घालत होतो. बाजूला गफूरसाहेबांचे ओठ हलत होते. साहेब तर बुटांसकट पाण्यात जाऊन उभे होते आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

दिवेलागणीच्या सुमाराला झाडीतून काहीतरी पांढरं हललं. पुढे धानीबाई, तिच्या खांद्यावर ओलं, थरथरणारं वासरू. मागं चांदी, पावलापावलाला हुंकारत, वासराचे लोंबणारे पाय चाटत. तांड्यावर जो ओरडा झाला तो वसमतपर्यंत गेला असेल. दगडूनं मुंडासं हवेत उडवलं, ते नदीत पडलं आणि वाहून गेलं, तरी त्याला पर्वा नव्हती. मी गफूरसाहेबांना मिठी मारली, पान माझ्या सदऱ्यावर सांडलं.

साहेबांनी हात देऊन धानीबाईला काठावर घेतलं. खिशातून लेखणी काढली, तक्ता माझ्या पाठीवर ठेवला आणि लिहू लागले. लिहिता लिहिता थांबले. तक्त्याची सवय कुठं जाते? चांदी इकडची होती, तिचं काही अडत नव्हतं. पण हे नवं आलेलं वासरू पलीकडच्या मुलखात जन्मलं होतं.

"बाई," साहेबांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "हे वासरू कोणत्या मुलखाचं लिहू?"

धानीबाईनं वासरू खाली ठेवलं. ते पाय फाकून, डुगडुगत उभं राहिलं आणि आचळ शोधू लागलं.

"मुलखाचं कशाचं, साहेब?" ती म्हणाली. "चांदीचं हाय ते."

साहेबांनी लेखणी खिशात ठेवली, वर जाऊन तो बांबू स्वतःच्या हातानं उचलला आणि सगळं खांड घरी जाईपर्यंत तसाच धरून उभे राहिले.